दाजींचा जपान

कोल्हापुरात जपान पहिल्यांदा कुणी आणला असेल, तर तो आमच्या दाजींनी. मी ट्रान्झिस्टर, घड्याळं आणि नायलॉनच्या साड्यांबद्दल बोलत नाही. तो माल मुंबईहून कुणीही आणत होतं. दाजींनी आणला तो हलत्या चित्रांचा जपान, आणि तोही शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीत, गादीवर मांडी घालून बसल्याबसल्या. आज आमच्या शाळेतली पोरं जपानी कार्टूनविषयी बोलताना असा चेहरा करतात, की हा शोध जणू त्यांनीच काल दुपारी लावला. मी फळ्याकडे तोंड करून गप्प उभा राहतो. गप्प राहणं हे माझं जन्मभराचं काम. पण आता पन्नाशी उलटली, दाजी राहिले नाहीत, आणि त्यांच्या शब्दाखातर एक गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली आहे की आता ती दुखायला लागली आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. तरुणपणी तालमीच्या लाल मातीत लोळलेले, त्यामुळे कान मोडलेले. पुढे वडिलांच्या मागे अडतीवर बसले आणि पोट सुटलं. आवाज मात्र आखाड्यातच राहिला. आक्काला ते ‘जरा कानात सांगतो’ म्हणाले की शेजारपाजारच्या बायका हातातलं काम टाकून ऐकायला मोकळ्या होत. आसपासच्या गावांतून कुस्त्यांचं मैदान भरलं की निवेदनाला दाजींनाच बोलावणं यायचं. नवशिक्या पोरांची कुस्ती असली तरी ते अशी रंगवून सांगत, की मैदानाकडे पाठ करून बसलेल्या भेळवाल्यालासुद्धा डाव दिसावा. गुळाचा सौदा, पोरीचं बारसं, शेजाऱ्याच्या म्हशीचं बाळंतपण, सगळ्याचं निवेदन व्हायचं. जेवायला बसले तरी ‘आता आमटी आली, भात मागं सरला’ असं चालू. आक्का म्हणायची, “तोंडाला जरा सुट्टी द्या की. त्येला बी आयुष्य असतंय.”

अशा माणसाला चित्रांचं वेड लागलं ते माझ्यामुळे. आक्काकडे राहून मी चित्रकलेचा डिप्लोमा करत होतो आणि एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या फिल्म सोसायटीचा सभासद होतो. एकदा दाजी मला घरी न्यायला म्हणून तिथं आले आणि शेवटच्या खुर्चीवर टेकले. पडद्यावर त्या दिवशी कुठूनशी मिळवलेली एक जपानी कार्टून फिल्म होती. सगळी हातानं काढलेली: भाताची खाचरं, डोंगरावर ढग, आणि एक मुलगा नुसता उभा. वारा सुटतो, त्याचे केस तेवढे हलतात. बाकी काहीच होत नाही. सभासद मंडळी घड्याळं बघायला लागली, आणि मागून मैदानी आवाज आला, “आयला! ह्यो आता उडी घेणार!” पुढच्या क्षणी मुलानं उडी घेतली. दिवे लागले तेव्हा दाजी प्रोजेक्टरपाशी पोचले होते आणि चालवणाऱ्याला म्हणत होते, “पावणं, तेवढा वारा सुटल्याला परत एकदा दावा की.” पावण्यांनी दाखवला. मग फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरून दाजींनी एकेक चित्र पाहिलं. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. आक्काला वाटलं, बाजार पडला.

त्या दिवसापासून कोल्हापुरातल्या कुठल्याही थिएटरात इंग्रजी सिनेमाआधी कार्टून लागलं की दाजी सहकुटुंब हजर. कार्टून संपून मुख्य सिनेमाची नावं सुरू झाली की दाजी उठत. “चला, झालं.” आक्काच्या हातातलं शेंगदाण्याचं पुडकं अजून फोडलेलं नसे. आक्का कुरकुरत रांगेतून बाहेर पडे, आणि लोकांच्या पायांवरून जाताना दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, “आता म्होरं नुसती माणसं हायती. माणसं काय, बाजारात बी दिसत्यात.”

लग्नसराई त्यांना फार आवडायची, ती पत्रिकांसाठी. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिका जमवून त्यांच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीनं पैलवान काढत, प्रत्येक पत्रिकेवर किंचित वेगळा, आणि गठ्ठा अंगठ्यानं सर्रकन सोडला की पैलवान दंड थोपटून शड्डू ठोकायचा. चित्रं अगदीच बेताची. पैलवानाचे हात कोपराऐवजी मनगटात वाकत. मी चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून ते दुरुस्त करायला गेलो, तर त्यांनी गठ्ठा छातीशी धरला. “हात नगं लावू. तुझा पैलवान मरतुकडा दिसतोय. माझा वाकडा असंल, पण हलतोय का न्हाय?” हलत होता, हे मला कबूल करावं लागलं. माझी चित्रं सरळ होती आणि कॉलेजच्या भिंतीवर निमूट टांगलेली होती.

जगातल्या हलत्या चित्रांची त्यांनी एक वर्गवारी केली होती आणि ती अडतीवर येणाऱ्या शेतकऱ्याला, हमालाला, दलालाला ऐकावी लागे. अमेरिकेची चित्रं म्हणजे वरात. “त्येंचा उंदीर पाणी प्यायचं म्हटलं तरी आधी नाचून घेतोय. बघायला झ्याक, पण घरी आल्यावर कान वाजत्यात.” रशियाची चित्रं म्हणजे आजारपणातला दूधभात, गोड, मऊ, आणि खाल्ल्यावर झोप येणारी. आपल्याकडची म्हणजे सरकारी. चित्रातला माणूस हात वर करून काहीतरी चांगलं सांगतो आणि लोक विडी ओढायला बाहेर जातात. आणि जपानची? जपानची म्हणजे कुस्ती. फिल्म सोसायटीचे चिटणीस एक इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी एकदा दाजींना शांतपणे समजावलं, की जपानी लोक कमी चित्रांत भागवतात, पैसे आणि वेळ वाचवायला; पात्र उभं ठेवायचं, फक्त डोळे हलवायचे, मागचं चित्र सरकवायचं. ही कला नाही, काटकसर आहे. दाजी म्हणाले, “सर, मैदानात दोन तयारीचं गडी भिडल्यालं बघितलंय का? हातात हात, मानंवर मान. कायबी हलत न्हाय. निम्मं कोल्हापूर श्वास धरून बसतंय. त्या टायमाला पैलवान काटकसर करतोय व्हय?” प्राध्यापक हसले आणि म्हणाले, तुलना चमत्कारिक आहे. “आन् डोळं एवढं मोठं का काढत्यात ठाव हाय? तोंड हलवायचं वाचतंय. सगळं डोळ्यानं बोलायचं. आमची बायकू बोलती तसं.” प्राध्यापकांचं मत बदललं नाही. पण पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या एका भाषणात मैदानातल्या पैलवानांचा दाखला दिला, तेव्हा मी शेवटच्या रांगेत होतो आणि उगाचच माझी छाती फुगली होती.

जपानशी दाजींनी नातंही जुळवून टाकलं होतं. तिकडंही डोंगर, पाऊस आणि भात, म्हणजे आपल्या शाहूवाडी तालुक्यासारखं. “चपला भाईर काढत्यात. भुईवर बसून भात खात्यात. लंगोट लावून कुस्ती खेळत्यात. मग ऱ्हायलं काय? सोयरंच की! पत्रिका तेवढी यायची राहिलीया.” एखाद्याचं काम नीट झालं, मग ते भिंतीचा गिलावा असो की पुरणपोळी, दाजी म्हणत, “जपानी झालंय.” आक्काला स्वयंपाकाची याहून मोठी पावती कधी मिळाली नाही.

मग घरोघरी टीव्ही यायला लागले आणि व्हीसीआर भाड्यानं मिळायला लागले. दाजींचा पुतण्या आखातात नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना काकांसाठी मुद्दाम एक कॅसेट भरून घेऊन आला. तिथल्या टीव्हीवर लागणारं जपानी कार्टून: डोंगराएवढा लोखंडी माणूस, त्याच्या डोक्यात बसून त्याला चालवणारा एक तरुण, आणि ताऱ्यांवरून आलेला त्याचा वैरी. सगळे बोलत होते अरबी. पुतण्या ओशाळून म्हणाला, “काका, भाषा कळणार नाही.” दाजींचे डोळे भरून आले होते. “आरं येड्या, चित्र काढलंय जपान्यानं, आवाज दिलाय अरबानं, आन् बघतोय कोण? शाहूपुरीचा गूळवाला! एवढं लांब चालत आलंय ह्ये चित्र. ह्येला भाषा कशाला लागती?” त्या वाक्यानं मला जे वाटलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. मी तोवर शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो होतो, पगारात सुखी होतो, आणि चित्र चालत चालत इतक्या लांब जाऊ शकतं हे मला पहिल्यांदा त्या खोलीत कळलं.

त्या वर्षी गणपतीत दाजींनी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं, की आपल्या गल्लीत जपानी चित्र दाखवायचं. बैठकीत आधी हसू फुटलं. शेजारच्या गल्लीनं विजेच्या मोटारीवर मान हलवणारा राक्षस केला होता आणि सगळी गर्दी तिकडं लोटत होती. आमच्या तालमीचे वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारे म्हातारे गुरू, ज्यांच्यापुढे दाजीही मान खाली घालत, ते म्हणाले, “गणपतीम्होरं कार्टून? पोरखेळ लावलाय व्हय?” मंडळातला एक पोरगा म्हणाला, “दाजी, ते अरबीत हाय म्हणं. पब्लिक धा मिंटात उठून राक्षसाकडं जाईल.” दाजी उभे राहिले. “उठली पब्लिक, तर आजपास्नं ह्या कट्ट्यावर तोंड उघडणार न्हाय. निवेदन बी बंद. शब्द हाय.” दाजींनी जेवण सोडतो म्हटलं असतं तर कुणी घाबरलं नसतं. पण बोलणं सोडलेले दाजी कुणालाच डोळ्यांपुढे आणता येईनात. आक्काला कळलं तेव्हा, आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळायची वेळ आली असताना, ती देवापुढे दिवा लावून म्हणाली, “पब्लिक बसू दे बाबा.”

कार्यक्रमाच्या दुपारी मी आणि दाजींनी भाड्याचा व्हीसीआर लावून कॅसेट पाहून घेतली. पुतण्यानं तिचा शेवट तपासला नव्हता. लोखंडी माणूस आणि वैरी शेवटच्या झुंजीला समोरासमोर उभे राहिले, वारा सुटला, दोघांच्या नजरा भिडल्या, आणि तिथंच जपान संपला. पुढं डोक्याला रुमाल बांधलेला एक अरब बातम्या वाचत होता. “दाजी, शेवटच नाही. रद्द करू या.” दाजी त्या अरबाकडे बघत म्हणाले, “मशीनवर चित्र थांबवायचं बटन हाय न्हवं? नजरा भिडल्या की दाब. म्होरची कुस्ती मी सांगतो. आजवर कमी कुस्त्या सांगितल्यात व्हय?”

संध्याकाळच्या आरतीनंतर गल्ली भरली. मांडवात टेबलावर टेबल चढवून वर रंगीत टीव्ही ठेवला होता. तरी पुढच्या चार रांगा सोडल्या तर कुणाला नीट दिसत नव्हतं. मागच्यांना टीव्ही दिसत नव्हता, पण दाजी दिसत होते. फेटा बांधून, माइक तोंडाला लावून. वस्ताद पहिल्या खुर्चीत काठीवर हनुवटी ठेवून बसले, नाराज. मी मशीनपाशी. चित्र सुरू झालं आणि दाजी सुरू झाले. “मंडळी, ह्यो बघा आपला गडी! तालीम कुटली इचारू नका, छाती बघा! आन् त्यो पलीकडचा, आभाळातनं उतरलाय, वजनात भारी हाय, पण पाय बघा, पाय कच्चा हाय!” पोरं हसली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण कुणी उठलं नाही. लोखंडी माणूस नुसता उभा राहिला की दाजी आवाज खाली आणत. “आता बघा. हलत न्हाय. अंदाज घेतोय...” आणि गल्ली गप्प व्हायची. मग एकदम ठोसा, आणि मागच्या रांगेतून शिट्टी. थोड्या वेळानं मी वस्तादांकडे पाहिलं. हनुवटी काठीवरून उठली होती. ते स्वतःशीच पुटपुटत होते, “धर... धर... सोडू नगंस.”

नजरा भिडल्या. मी बटण दाबलं. चित्र थांबलं, आवाज गेला, खाली एक पांढरा पट्टा थरथरत राहिला. आणि गल्लीला वाटलं, ही कुस्तीतलीच पकड आहे. कुणी हललं नाही. दाजी हळूहळू सांगत होते, “दोघं बी तयारीचं. श्वास बघा...” आणि दाजी तिथंच घोटाळत राहिले. ते पुढच्या डावाकडे जाईनात. पुन्हा पाय, पुन्हा नजर, पुन्हा श्वास. ते यंत्र फार वेळ चित्र धरून ठेवत नाही, आपोआप सुटतं. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. सुटलंच. खटकन आवाज झाला आणि लोखंडी माणसाच्या जागी रुमालवाला अरब आला आणि गंभीर चेहऱ्यानं काहीतरी बोलू लागला.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रांगेतलं कुणीतरी ओरडलं, “पंच आला! फेटेवाला पंच!” कुस्त्यांच्या मैदानात मोठ्या कुस्तीचा निकाल फेटेवालाच देतो, तेव्हा गल्लीला दुसरं काय वाटणार? “काय म्हणतोय पंच? दाजी, काय निकाल दिला?” “आपल्या गड्यानं कुस्ती मारली का?” चारी बाजूंनी एकच गलका. दाजींनी ‘मारली’ एवढा एक शब्द उच्चारला असता, तर गल्लीनं गुलाल उधळला असता. मी मनातल्या मनात तो शब्द उच्चारत होतो. दाजींनी माइक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

“मंडळी,” ते म्हणाले, आणि त्यांचा इतका बारीक आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. “त्यो पंच न्हाय. त्यो बातम्या देणारा हाय. कॅसेट हितंच संपलीया. शेवट म्या बी बघितलेला न्हाय. मी सांगणार हुतो काहीतरी रचून. पण पाठ मातीला लागल्याली बघितल्याबिगर निकाल कसा सांगू? आजवर सांगितला न्हाय.”

मागून घोषणा उठली, “निकाली! निकाली!” बरोबरीत सुटलेली कुस्ती कोल्हापूरला चालत नाही, निकाल लागलाच पाहिजे. “तिकीट नसलं म्हणून काय झालं, टाइम गेला की!” “उठा रं, राक्षस बघू!” काही खुर्च्या सरकल्या. दाजी माइक हातात धरून नुसते उभे होते.

आणि वस्ताद उठले. त्यांनी काठी टेबलावर आपटली. “बसा खाली! मैदानातनं कुणी उठायचं न्हाय. निवेदक खरं बोललाय. लबाड निकाल ऐकून घरला जायचं हुतं व्हय रं तुमाला?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, पयल्यापास्नं लाव. कुस्ती कोण मारणार ते डावावरनं कळतंय. नीट बघू.” मी कॅसेट मागं फिरवली. दुसऱ्या खेपेला गल्लीत हसणं नव्हतं. जाणती माणसं पुढं येऊन मातीत बसली होती आणि प्रत्येक डावावर आपसात बोलत होती. शेजारच्या गल्लीतली माणसं गलका ऐकून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांचा राक्षस तिकडं एकटाच मान हलवत राहिला. दाजींनी माइक वस्तादांच्या हातात दिला आणि स्वतः माझ्या शेजारी जमिनीवर बसले. पहिल्यांदाच मी त्यांना न बोलता बघताना पाहिलं. त्या माणसाचा मेहुणा असण्याचा मला इतका अभिमान वाटला, की मान खाली घालून मी मशीनची वायर चाचपत बसलो.

त्यानंतर वर्षभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात, दुधाच्या कट्ट्यावर, तालमीत, कोण जिंकला यावर दोन पक्ष पडले. एका घरात सासरा एका पक्षात आणि जावई दुसऱ्या. माझ्या वर्गातली पोरं शेवटची झुंज कागदावर काढून आणत, प्रत्येकाचा शेवट वेगळा.

पुढच्या सुट्टीत पुतण्या उरलेला भाग घेऊन आला. दाजींनी मला बोलावलं, दार लावून घेतलं, आणि आम्ही दोघांनी शेवट पाहिला. आपला लोखंडी माणूस एका ठोशात जिंकला. वैरी कोसळला, धूळ उडाली, संपलं. एवढंच. दाजींनी मशीन बंद केलं. बाहेर कट्ट्यावर दोघं त्याच झुंजीवर भांडत होते, तो आवाज आत येत होता. दाजी तो ऐकत राहिले.

“गल्लीला सांगू नगंस,” ते म्हणाले.

“का हो दाजी?”

“वर्सभर लोकांनी त्येला झुंजवलाय रं. एवढ्यात कशाला पाडायचा त्येला?”

मी शब्द दिला. शब्द पाळणं सोपं असेल असं वाटलं होतं, कारण मी मुळात बोलत नाही. पण वस्ताद अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेलो, आणि त्यांनी माझा हात धरून विचारलं, “मास्तर, तू मशीनपाशी हुतास. खरं सांग, आपल्याच गड्यानं कुस्ती मारली न्हवं?” मी म्हणालो, मला ठाऊक नाही. त्यांनी मान वळवली. दाजींना मी हे सांगितलं नाही. तेही थोड्या वर्षांनी गेले, आणि जाताना आक्काला म्हणाले म्हणे, की सगळं जपानी झालंय.

आता गल्लीत नवी माणसं आहेत. तालमीच्या जागी दुकानं झाली. लोखंडी माणूस कोण, हे विचारणारं कुणी राहिलेलं नाही, म्हणून आज हे उघड लिहिलं: आपलाच गडी जिंकला, एका ठोशात. त्या दिवशी मांडवात बसलेलं कुणी अजून असेल आणि त्याला हे खोटं वाटत असेल, तर त्यानं माझ्या दारात यावं आणि मोठ्यानं भांडावं. मी घरीच असतो.